उतरलेली तांत

हिवाळ्यातल्या तिरप्या उन्हात कापसाचे तंतू तरंगत असायचे, आणि त्या धूसर, शुभ्र उजेडाच्या गाभ्यातून एक आवाज निघायचा, धुंग... तुंई... धुंग, जणू भूमीच्या उदरात कुणी वीणेची एकच तार छेडतंय. करीमचाचांना मी आधी ऐकलं, मग पाहिलं. बार्शीटाकळीला त्यांच्या पत्र्याच्या छपरीत पुरुषभर लांबीची, धनुष्यासारखी पिंजण आढ्याला टांगलेली, तिच्यावर आतड्याची तांत ताणलेली, हातात तांतेवर मारायचा लाकडी मुठा. भुवया, पापण्या, दाढी, सगळंच पांढरं. त्यातलं वयानं किती आणि कापसानं किती, ते काही कळायचं नाही.

अमरावतीहून एसटीनं अकोला, तिथून दुसऱ्या गाडीनं चाचांकडे, मांडीवर जुन्या गाद्यांच्या कापसाचं बोचकं. घरचे हसायचे, अमरावतीत पिंजारी मेले का म्हणून. मेले नव्हते हो. पण मला गाणं कुणी शिकवलं नाही. मी ते वाटेवरच वेचलं, खिडकीच्या थरथरत्या काचेतून, जिनिंगच्या भोंग्यातून, आणि सगळ्यांत निर्मळ षड्ज मला गवसला तो या छपरीत.

चाचांना सुराशी काही देणंघेणं नव्हतं. सकाळी उठून ते तांतेला बोट लावत. हवेत ओल आली की तांत सैलावते, आवाज खाली उतरतो, आभाळ कितीही कोरं असो. मग लेकीला हाक जायची, "सकिना, कापूस आत घे." शेजारपाजारचे तेवढ्यावर आपापला वेचलेला कापूस झाकत. त्या वर्षांत आभाळावर कुणाचाच भरवसा उरला नव्हता. पेरणीला ते पाठ फिरवायचं आणि वेचणीला गारा घेऊन यायचं.

त्या साली सकिनाच्या वावरात एकच वेचा झाला. तो तिनं एकटीनं वेचून, वाळायला म्हणून अंगणभर पसरला होता. वर्षाचं सगळं तेवढंच. मी पोचले, कान लावला आणि बसल्याबसल्या बोलून गेले, "चाचा, आज आवाज उतरलाय हो. मी अख्ख्या वाटेनं तो वरचा सूर घोळवत आले."

"नवी तांत हाय बाई, ओढ घेऊन सैलावून राहिली." त्यांनी वर पाहिलं. निळं, निरभ्र.

"मग ताणा ना जराशी."

"तुले गाणं पाह्यजे का गादी?"

"दोन्ही."

हसत त्यांनी तांत ओढून बांधली. माझा षड्ज परत आला. मी डोळे मिटून गुणगुणत बसले. अंगणातून सकिनानं विचारलं, "अब्बा, आत घेऊ का?"

"राहू दे. तांत चांगली बोलून राहिली."

तासाभरात वारा उठला, पत्रे थडथडले, आणि मग गारा. आम्ही तिघं चादरी घेऊन धावलो, पण कापूस चादरीत येईना. तो काळ्या मातीत रुतत, भिजत, डोळ्यांदेखत चिखल होत गेला. सकिना ओंजळ धरून उभी होती. "अब्बा, तुमीच म्हणले होते ना?"

चाचांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "माहीच चूक हाय, बेटा," म्हणाले.

आणि मी, एरवी जिच्या तोंडाला खळ नाही ती, गप्प राहिले.

पुढच्या हिवाळ्यातही त्यांनी माझी गादी पिंजली. आवाज उतरलेला होता. मी काही बोलले नाही, त्यांनीही तांत ओढली नाही. सकिना मात्र अंगणात जाऊन निमूट कापूस उचलू लागली.

चाचा गेल्यावर ती तांत सकिनानंच मला दिली. माझ्या घरी खिडकीच्या चौकटीत, दोन खिळ्यांमध्ये मी ती ताणून बांधली आहे. दमट दिवशी ती सैलावते, तेव्हा माझा हात आपसूक पुढे जातो आणि अर्ध्यातून मागे येतो. गेलेल्या माणसाचा आवाज काळ आपल्याला हवा तसा चढवून देतो. मी मात्र चाचांना, त्यांचा आवाज जिथं उतरला होता, तिथंच ऐकत बसते.