टबबाबांचं सिद्धजल

आमच्या बैठकीच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. खिडकीच्या गजांनाही शेजारी लटकले होते. मधोमध चाकाच्या खुर्चीत माझा सव्वीस वर्षांचा भाऊ आणि त्याच्या पुढ्यात लाल मखमल गुंडाळलेला टब. टबबाबांनी त्याचा हात सिद्धजलात तळापर्यंत नेऊन सोडला.

"बाळ, सगळं जडत्व मला दे!"

आणि हात वर आला! स्नायू झिजवणाऱ्या आजारानं चार वर्षं मांडीवरून न हललेला हात! आई रडायलाच लागली.

"एकेचाळीस दिवस जल," बाबा म्हणाले, "पण ते श्वासाचं यंत्र आजच बंद. यंत्राचा आणि मंत्राचा सवतीमत्सर असतो."

आईनं तत्काळ यंत्राची पिन उपटली. छातीचे स्नायूही थकलेत, यंत्राशिवाय झोपवू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

हा आजार आईकडून मुलाकडे येऊ शकतो हे कळल्यापासून मी माझ्या तीन वर्षांच्या लेकाच्या पोटऱ्या रोज चाचपते. चमत्कार मलाही हवाच होता. म्हणूनच मी डोळ्यांत तेल घालून पाहत होते.

"काय रे, हात तू उचललास?"

"छे गं ताई! मी नाक कसं खाजवावं या विवंचनेत होतो. टबबाबांनी सोडला, तो आपला वर आला."

मी लेकाचा आंघोळीचा टब नळाखाली भरून आणला. भावाचा हात त्यात सोडला. वर आला. मग लाटणं बुडवून सोडलं. तेही वर आलं.

"याची श्रद्धा माझ्याहून दांडगी दिसते," भाऊ म्हणाला.

"पाणी हाताचं वजन पेलतं, एवढंच," मी म्हटलं. "म्हणून तर व्यायामाच्या बाई याला पाण्यात हलवायला सांगतात. त्यानं आराम पडेल, पण आजार जाणार नाही." हात बाहेर काढला, तसा तो मांडीवर पडला.

"नास्तिक घर!" म्हणत बाबा मखमल गुंडाळू लागले.

आईनं पिन परत लावली. "मग मी काय करू गं? उचलून उचलून कंबर गेली माझी."

मी गर्दीकडे वळले. "हात बघायला चाळीस जण आलात. पटत नसेल तर घरी बादलीत करून बघा, माझंही ऐकू नका. पण उद्या नऊला याला आंघोळीला उचलायचंय. दोघं हवेत. कुठं धरायचं ते मी शिकवते."

खिडकीचे गज पटापट मोकळे झाले. समोरचा शिंपी तेवढा दारात घुटमळला.

"नऊला दुकान उघडतो मी," तो म्हणाला. "आठला चालेल?"