मुठीत राहिलेले थेंब

मित्रांनो, मी एक जुना निळा कॅन आहे आणि माझ्या पोटाला भोक आहे. भोक पडलेल्या डब्याने कसली गोष्ट सांगायची, असं तुम्हाला वाटेल. पण ते भोक कसं पडलं, हीच तर माझी गोष्ट.

वितळलेल्या प्लास्टिकमध्ये हवा फुंकून मला घडवलं. म्हणून माझं पोटच काय, उचलायची मूठसुद्धा आतून पोकळ आहे. एवढं ध्यानात ठेवा. मग माझ्यात कॉस्टिक, म्हणजे कातडी जाळणारं सोड्याचं पाणी, भरलं आणि अंगावर एक कागद चिकटवला. त्यावर चित्र होतं: हातावर थेंब पडतायत आणि हात झिजतोय.

मिरजोळ्याला एका मासळीच्या कारखान्यात मी आलो. तिथे कोळंबी सोलतात. गटारात साचलेला तेलकट चिकटा कापायला कॉस्टिक लागतं. लांब हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय मला कुणी हात लावत नसे. माझा धाक होता, आणि तो मला आवडायचाही.

पुढे मी रिकामा झालो. मे महिना होता. विहिरी तळाला गेल्या, वाडीत टँकर सुरू झाले. अशा वेळी रिकाम्या डब्याला केवढा मान! स्टोअर सांभाळणारा नितेश मनाने मोठा. रिकामे कॅन तो कामावरच्या बायकांना दरवर्षी वाटून टाकायचा. मी फरीदाच्या वाट्याला आलो.

फरीदाची शेजारीण गंगुबाई त्याच कारखान्यात कामाला, तिलाही एक कॅन मिळालेला. तिने माझ्यावरचं ते चित्र बघून नाक मुरडलं. "असलं अभद्र कशाला गो घरात? काढून टाक." आणि नारळाच्या काथ्याने घासून घासून तिने कागद काढलासुद्धा. मी कोण, हे सांगणारी माझी एकुलती एक जीभ गेली.

फरीदाने मला साबणाने धुतलं, राखेने धुतलं, उन्हात उपडं ठेवलं. मी लखलखीत दिसायला लागलो. पण मुठीच्या पोकळीत थोडं कॉस्टिक अडकलेलं होतं. तिथवर तिचा हात कसा पोचणार? मला ठाऊक होतं, पण सांगता येत नव्हतं.

टँकर आला. मी काठोकाठ भरलो. फरीदाची धाकटी, तीन वर्षांची मनाल, आपला लाल मग घेऊन समोर उभी. "अम्मी, पानी."

फरीदाने मला तिरकं केलं. मुठीतले थेंब सुटले आणि पाण्यात मिसळले. लाल मग भरला. मित्रांनो, त्या वेळी मी फुटून गेलो असतो तर बरं, असं मला वाटलं.

तो लेकीच्या हातात देताना थोडं पाणी फरीदाच्या बोटांवर सांडलं. तिने बोटं एकमेकांवर चोळली. बोटं घसरली. पुन्हा चोळली. साबण नसताना बुळबुळ. मनालचे ओठ मगाला लागणार, तोच तिने मग हिसकावून घेतला. पोरीने भोकाड पसरलं.

"काय झालं गो?" गंगुबाई कुंपणावरून डोकावली.

"पाणी बुळबुळतंय, मावशी. कामावर फाटक्या मोज्यातून कॉस्टिक लागतं ना, तसंच."

"तुझा जीव म्हणजे नुसती धाकधूक. जरा चाखून तर बघ."

"चाखायचं नाही. तुम्हीपण नाही." फरीदाने हंड्यातलं जुनं पाणी बोटांवर धो धो ओतलं, मनालचे हात धुतले, तिचं तोंड उघडून पाहिलं. मग हळूच विचारलं, "मावशी, तुमच्या कॅनात काय आहे?"

गंगुबाईचा चेहरा उतरला. "कोकमाचं आगळ. वर्षभराचं."

ते सगळं आगळ तिने स्वतःच्या हाताने फेकून दिलं.

दुसऱ्या दिवशी फरीदा मला घेऊन थेट सुपरवायझर वैष्णवी मॅडमसमोर उभी राहिली. नितेश कावराबावरा. "भाभी, मी चांगल्या मनाने दिला होता."

"मन चांगलंच आहे रे. डबा घरचा नव्हे."

वैष्णवी मॅडम कुणावर ओरडल्या नाहीत. मला उलटं करून त्यांनी मुठीची पोकळी तपासली. "हे माझ्या लक्षात यायला हवं होतं," म्हणाल्या. वाडीवाडीतून कॅन परत गोळा करायचं ठरलं, तेव्हा सगळ्यांत पुढे गंगुबाई. "माझं आगळ गेलं, तुमचं पोर जाऊ नये," असं सांगत ती दारोदार फिरली. कारखान्याने पाण्यासाठी नवे पांढरे कॅन दिले. आणि नियम झाला: रसायनाचा डबा रिकामा झाला की कागद काढायचा नाही, पोटाला भोक पाडायचं, शेडमध्ये कुलपात ठेवायचा आणि घातक कचरा नेण्याचा परवाना असलेल्या गाडीतूनच पाठवायचा.

पहिलं भोक मला पडलं. मोजे, चष्मा घालून नितेशनेच पाडलं. "माफ कर बाबा," म्हणाला. माफ कशाला? तेवढ्यासाठी तर माझा जीव टांगणीला लागला होता.

मित्रांनो, माझ्यासारखा डबा कितीही चकाकला तरी त्यात पाणी भरू नका. अंगावरचं चित्र खरवडू नका. ओळख नसलेल्या बाटलीचा वास घेऊ नका, चव तर नाहीच. मोठ्यांना हाक मारा. आम्हाला बोलता येत नाही, तुम्हाला येतं.

माझी गाडी आज-उद्या येईल. तोवर रोज सकाळी कौलाच्या फटीतून उन्हाची एक तिरीप येते आणि त्या भोकातून माझ्या पोटात उतरते. कुणाला पोळणार नाही असं काहीतरी पहिल्यांदाच माझ्यात भरलंय.