अकरा नंबरची जागा

गाडीला जोडलेल्या, राहायच्या ट्रेलरच्या मागच्या डाव्या दिव्याच्या चौकटीत बर्चच्या सालीचा एक तुकडा अडकला होता. लांबी चार सेंटिमीटर, रुंदी जेमतेम एक. वरून पांढरा, आतून केशरी आणि अजून ओलसर. ओलसर, म्हणजे झाडापासून सुटून त्याला तास-दीड तासापेक्षा जास्त झालेला नसणार. लोर्नाने तो नखाने हळूच सोडवला आणि मुठीत धरला. तासाभरापूर्वी ते पेट्रोलसाठी थांबले होते, आणि पंपावरून बाहेर पडताना वळणावर गाडी किंचित थरथरली होती. डेल म्हणाला होता, रस्ता उखडलाय. ती म्हणाली होती, हो.

हो... इतकं सोपं असतं ते.

जंगलातल्या त्या मुक्कामाच्या तळावर बारा जागा होत्या, एक हातपंप होता, वीज नव्हती. आगाऊ नोंदणी चालत नसे. जो आधी येईल त्याची जागा. म्हणून कांगास कुटुंब दर जूनमध्ये गुरुवारीच निघायचं, तळाच्या तोंडाशी ट्रेलर उभा करायचं आणि मग कुणीतरी पायी फेरी मारून जागा ठरवायचं. हे ‘कुणीतरी’ म्हणजे गेली दोन वर्षं लोर्ना. तसं कुणी ठरवलं नव्हतं. पाणी उताराकडे वाहावं तसं ते काम तिच्याकडे आलं होतं.

ती चालू लागली. काळी चिलटं कानामागे चावत होती. चार नंबर रिकामा होता – एका बाजूने शिरायचं, दुसऱ्या बाजूने बाहेर पडायचं, गाडी मागे घ्यायचा प्रश्नच नाही. पण शेजारी संडास, पंपाची सतत कुरकुर, आणि समोरच्या कुटुंबाने आणलेला जनरेटर. अकरा नंबर वळणाच्या पार टोकाला. तिथून दुसरं माणूस दिसत नव्हतं. खाली तळं, पाण्यावर पाईनची सावली, आणि इतकी शांतता की स्वतःच्या गिळण्याचा आवाज यावा. मात्र आत जायला तीस मीटरची चिंचोळी वाट, तीही गाडी उलटी घेत, डावीकडे बर्चची रांग, उजवीकडे कमरेएवढा खडक. तिने दोन्हींमधलं अंतर पावलांनी मोजलं. मग पुन्हा मोजलं, आकडा बदलणार नाही हे माहीत असून.

डेलला हीच जागा आवडली असती. पाच वर्षांपूर्वीच्या डेलने एका हाताने, शीळ घालत, ट्रेलर इथे नेऊन ठेवला असता. तेव्हा ती मागे उभी राहून हातांनी खुणा करायची, आणि तो आरशात तिच्याकडे बघून मुद्दाम चुकीच्या बाजूला स्टीअरिंगचं चाक वळवल्यासारखं करायचा...

मोजणं तिच्या हाताचा धर्म होता. जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत ती विहिरींचं पाणी तपासायची. नळीत रंग आला की आला, त्यात कुणाच्या भावनांचा संबंध नसतो. त्यामुळे दोन वर्षांपूर्वी गाडीच्या पुढच्या खणात डेलच्या डोळ्यांच्या तपासणीचा घडी घातलेला कागद सापडला तेव्हा तिला कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही. दोन डोळ्यांची दोन वर्तुळं, आणि दोन्हींत डावीकडे काळा-करडा डाग. खाली डॉक्टरांनी लिहिलेलं – सहा महिन्यांनी पुन्हा दाखवावं. तारीख उलटून गेलेली. तिने घडी होती तशीच घातली. त्याच संध्याकाळी जागा ठरवताना तिच्या तोंडून निघून गेलं होतं, नको बाई इतकी एकाकी जागा, मला अस्वलांची भीती वाटते.

ते अस्वल मग घरातच राहायला आलं. नाताळच्या जेवणात त्याचा विषय निघायचा, बहिणीच्या मुलांना त्याची गोष्ट सांगितली जायची. डेलही हसायचा – ताटाकडे बघत.

आणि मी? मी गाडीत त्याच्या शेजारी बसून सहज बोलल्यासारखं म्हणायचे, तो बघ सायकलवाला, केवढं ओझं घेऊन चाललाय. मी त्याचा डावा डोळा झाले होते आणि त्याला मी संसार म्हणत होते.

ती परतली तेव्हा सासरे गाडीच्या पायरीवर बसून वेलदोड्याचा पाव कॉफीत बुडवत होते. आर्विड कांगास, वय एक्याऐंशी. डेलला ट्रेलर मागे घ्यायला यांनीच शिकवलं – हात चाकाच्या तळाशी धर, शेपूट जिकडे न्यायची तिकडे हात ने. तिने काही बोलायच्या आत त्यांनी सांगून टाकलं, की नातीला, ब्रिटाला, त्यांनी खुर्ची घेऊन अकरा नंबरवर पाठवलंय. या भागात जागेवर खुर्ची ठेवली की जागा तुमची. दोन दिवस कुणी आलं नाही तरी तिला कुणी हात लावत नाही.

“तुमचं ते अस्वल आलंच तर बसेल त्या खुर्चीवर,” ते म्हणाले. “उभं तरी किती दिवस राहायचं बिचाऱ्याने?”

डेल आत बसला होता, दोन्ही हात चाकावर. “तू म्हणशील तिथे, लोर्ना,” तो म्हणाला.

आवाज अगदी साधा होता. पण तिला वाटलं, त्या वाक्याच्या खाली तो वाट बघतोय. तिने नाही म्हणावं, भित्री ठरावं, म्हणजे त्याला काही ठरावं लागणार नाही. याला माहीत आहे. मला माहीत आहे हे याला माहीत आहे... कधीपासून? चार नंबर अजून रिकामा होता. एक शब्द पुरला असता.

“अकराकडे ने,” ती म्हणाली. एवढंच. पुढचं तिने मे महिन्यापासून मनातच ठेवलं होतं. मे महिन्यात डेल रविवारच्या पाळीला खाणीच्या बसने गेला की ती ट्रेलर घेऊन बंद पडलेल्या लाकूडगिरणीच्या मैदानात जायची. तीन रविवार. हात चाकाच्या तळाशी. तिसऱ्या रविवारी तिने दोन पिंपांच्या मधून तो सरळ आत घेतला, आणि मग तासभर तशीच बसून राहिली.

डेलने गाडी अकराच्या तोंडापुढे नेऊन थांबवली. ती उतरली आणि सवयीने मागे जाऊन उभी राहिली.

ब्रिटा दिसत नव्हती. मग दिसली – खूप दूर, पाईनच्या आड, एका उंच दगडावर चढून, दोन्ही हात छातीशी घट्ट बांधून. दहा वर्षांची पोर. गेल्या ऑगस्टमध्ये आर्विडच्या अंगणात ट्रेलर लावताना ती सायकल उचलायला वाकली होती, डावीकडे, आरशात पूर्ण दिसेल अशा जागी. दोन फुटांवर गाडी थांबली ती लोर्नाच्या किंकाळीने. डेल पांढराफटक होऊन उतरला आणि पोरीवरच ओरडला, मध्ये का येतेस, किती वेळा सांगायचं. आणि लोर्ना म्हणाली होती, बाबांना सॉरी म्हण.

मी म्हणाले होते. मीच.

“आई,” दगडावरून आवाज आला, “मी इथेच थांबणार आहे. अजिबात मध्ये येणार नाही. खरंच.”

आणि पोर हसली, आपण शहाण्यासारखं वागतोय हे दिसावं म्हणून.

लोर्ना मागून निघाली. ट्रेलरच्या कडेकडेने, डाव्या बाजूने, आरशात दिसेल अशी सरळ चालत गेली आणि डेलच्या खिडकीशी पोचली. जवळ येईपर्यंत तो तिला बघत नव्हता, तो मागे तिच्या नेहमीच्या जागी तिला शोधत होता. खिडकीवर बोट वाजलं तेव्हा दचकला.

“उतर, डेल. मी घेते मागे.”

“कंबर बरी आहे आज माझी.” दुखरी कंबर हे त्याचं नेहमीचं निमित्त होतं.

“कंबर नाही. डोळे. तुला डावीकडचं दिसत नाही. मला दोन वर्षांपासून माहीत आहे.” श्वास घेऊन ती म्हणाली, “आजपासून ट्रेलर मी चालवणार. आणि डॉक्टरांना डोळे दाखवल्याशिवाय तू गाडीही चालवायची नाही.”

मागच्या सीटवर आर्विडचा कॉफीचा पेला हवेतच राहिला. डेलने इंजिन बंद केलं नाही, दारही उघडलं नाही. त्याची बोटं चाकावर एकेक करून सैल झाली आणि पुन्हा आवळली. हे सांगितलं की मोकळं वाटेल असा तिचा इतके दिवस अंदाज होता. तो चुकला होता. मोकळं नव्हतं वाटत. उलट आत्तापर्यंत जे दोघांनी मिळून धरलं होतं ते सगळं वजन तिच्या एकटीच्या हातात आल्यासारखं झालं होतं. अजून एक राहिलं होतं. ती दगडाकडे वळली आणि गाडीतल्या दोघांनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

“ब्रिटा, गेल्या वर्षी तुझी चूक नव्हती. तू आरशात दिसत होतीस.”