मान हलली म्हणून

“सगळ्यात आतल्या लेण्यात जाऊन बस, जिथं उजेडसुद्धा वाकून जातो. माझी माळ माझ्याऐवजी तू ओढ. आणि घाई करू नकोस गं, देव कुठं पळून जात नाही.”

सासूबाईंचा हा आवाज दोन वर्षं काकूंच्या कानात होता. या परक्या मुलखातल्या लेण्यांचं चित्र त्यांच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर होतं. साल सरलं तरी म्हातारीनं ते उतरवू दिलं नव्हतं. “देवळं माणसं बांधतात, ही डोंगरातून काढलीत,” म्हणायची. तिचं येणं राहूनच गेलं. जाताना तिनं माळ सुनेच्या ओंजळीत ठेवून शब्द घेतला.

आणि नेमकी आज, लेण्यांच्या दिवशीच, माळ नाहीशी झाली.

सकाळी हॉटेलच्या खोलीत काकूंनी माळ ओढून रुमालावर ठेवली, मग नेहमीप्रमाणे डोळे मिटून बोटांच्या पेरांवर नाम घेतलं. जपाच्या तालात त्यांची मान डुलायची आणि कानाशी ढोल वाजला तरी कळायचं नाही. डोळे उघडले तर रुमाल होता, माळ नव्हती.

खोलीत दुसरं माणूस एकच. सिस्टर. इस्पितळात ऑपरेशनच्या खोलीत तीस वर्षं काढून निवृत्त झालेल्या, सहलीत जोडीला मिळालेल्या. त्या नाश्त्याला निघूनही गेल्या होत्या. कालच माळ निरखून म्हणाल्या होत्या, “असे मणी आता नजरेला पडत नाहीत हो.”

विचारावं तर मौन. दुपारी बारापर्यंत एक शब्द बोलायचा नाही, हे काकूंचं अकरा वर्षांचं व्रत. तापात मोडलं नव्हतं, मुलीच्या लग्नात मोडलं नव्हतं.

बसमध्ये सिस्टर शेजारी न बसता मागच्या रिकाम्या बाकावर जाऊन बसल्या. काकूंच्या मनात पाल चुकचुकली. पहिल्या लेण्यात गाईड सांगत होता, कारागिरांनी आधी छत कोरलं, मग खाली उतरत गेले. सगळ्या माना वर. सिस्टर तेवढ्या खांबाआड, उजेडाकडे तोंड आणि सगळ्यांकडे पाठ करून. त्यांचा कोपर वर जायचा, खाली यायचा. कुणी जवळ गेलं की हात पिशवीत. तिसऱ्या लेण्यात तर बाई गुडघ्यांवर बसून जमीन चाचपत होत्या.

‘मनात काही नसतं तर माणूस लपेल कशाला?’ काकूंनी स्वतःलाच विचारलं. मग चिठ्ठी लिहिली: माझी माळ गेली. सिस्टरच्या पिशवीत पाहा.

सहलीच्या मॅनेजरनं ती वाचून खिशात घातली. “एकट्या त्यांचीच पिशवी कशी बघणार काकू? जेवायच्या आधी सगळ्यांच्याच बघू. त्यांच्यापासून सुरुवात करतो.”

बाराला दहा कमी असताना, शेवटच्या लेण्याच्या पायऱ्यांशी, सिस्टर धापा टाकत काकूंजवळ आल्या आणि माळ त्यांच्या हातात ठेवली.

“घ्या बाई. दोरा पार कुजला होता, आज हातातच तुटली असती. सकाळी दोनदा विचारलं, ओवून देऊ का म्हणून. चांगली मान हलवलीत तुम्ही! एक मणी निसटला मेला, तो शोधता शोधता गुडघे सोलले. कुणाचा धक्का लागून आणखी सांडतील म्हणून कोपरे धरून बसले होते.”

काकू मॅनेजरकडे वळल्या. तेवढ्यात मॅनेजरनं टाळ्या वाजवल्या. “मंडळी, एक वस्तू चोरीला गेलीय. पिशव्या उघडा. सिस्टर, आधी तुमची.”

“माझ्या पिशवीत दोन दिवसांचे मोजे आहेत,” सहलीतले एक टोपीवाले काका म्हणाले. “उघडतो, पण नाकं धरा.”

कुणी हसलं नाही. सगळे सिस्टरांकडे बघत होते. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

काकूंनी हातानं नको नको केलं, माळ उंच धरली. मॅनेजरला वाटलं, त्या घाई करताहेत. “हो काकू, बघतोच आहे,” म्हणत त्यानं पिशवीचा बंद धरला. काकूंनी घड्याळ पाहिलं. सात मिनिटं. मान पुन्हा हलवून बघावी, तर सकाळी त्याच मानेनं घोळ घातला होता.

“थांबा,” काकू म्हणाल्या.

सगळे वळले. “अहो, तुमचं मौन!” सिस्टरच ओरडल्या.

“चोरी झालेली नाही. यांनी माझी माळ ओवून दिली. चिठ्ठी मी लिहिली होती, आणि संशय यांच्यावरच घेतला होता. चूक माझी आहे.”

मंडळी जेवणाकडे पांगली. सिस्टरांनी पिशवीचा बंद सावकाश बांधला. काकू त्यांच्यासमोर हात जोडून उभ्या राहिल्या.

“मला विचारायचं होतंत,” सिस्टर म्हणाल्या. मग वर न बघता, “टाके घालायचा दोरा आहे. गाठ सुटायची नाही. जा तुम्ही. बस एकला निघते.”

काकूंनी चपला पायरीपाशी काढल्या. मोडलेलं व्रत आणि सांधलेली माळ घेऊन, एकेक गार पायरी चढत, त्या सगळ्यात आतल्या अंधाराकडे निघाल्या. आज माळा दोन ओढायच्या होत्या. दुसरी कुणाच्या नावानं, ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही.