अक्रोडाची मूठ

स्वरांगी गेली त्या हिवाळ्यापासून अंबरीशला काही म्हणजे काही जाणवत नव्हतं. आयर्लंडातल्या टॅला गावच्या हॉस्पिटलातून तिच्या चपला पिशवीत घालून आणल्या, तेव्हाही डोळे कोरडेच. तिथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. जेवणाचा डबा मात्र एकट्या देवदत्तनं आणला, शेजारच्या नागपूरकरानं.

पुढं ऑफिसातल्या एकानं त्याला ओढून नेमबाजीच्या क्लबात नेलं. हवेचं पिस्तूल धरलं, श्वास सोडला, चाप ओढला, आणि तेवढ्या क्षणापुरता अंबरीशला आपला हात आपला वाटला. म्हणून त्याला पिस्तूल हवं होतं. दुसरं कारण नव्हतं.

दुकानात नवं मॉडेल होतं. हलकं, मूठ स्क्रूनं घट्ट-सैल होणारी. क्लबात एका मेलेल्या सभासदाचं जुनं पिस्तूलही विकायला होतं. त्याची अक्रोडाची मूठ त्या माणसाच्या पंज्याबरहुकूम कोरलेली, अंबरीशची बोटं तिच्यात बुडून जायची.

"अबे, नवं घे ना," देवदत्त म्हणाला. "हे भंगार आणून घरी सुतारकी करत बसशील."

"सुतारकीच करायची आहे," अंबरीश म्हणाला.

परवाना आला. पिस्तूल तिजोरीत कुलपाआड गेलं, आणि सुटी केलेली मूठ स्वयंपाकघरातल्या टेबलावर आली. खड्ड्यात लाकडाची लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची, ती ओली असताना मूठ आवळून धरायची, वाळली की कानस मारायची. परक्या माणसाचा पंजा असा तो रोज थोडाथोडा बुजवत होता. एकदा अंगठा सोलला गेला, तर लाकूड लाल दिसल्यावर त्याला कळलं.

खंडेनवमी आली. स्वरांगी त्या दिवशी विळी, मिक्सर, शिवणाची कात्री आणि त्याचा लॅपटॉप पाटावर मांडायची, आणि तो हसायचा. या वर्षी त्यानंच पाट मांडला. प्रेसमधून, इकडं कपाटाला प्रेसच म्हणतात, तिचा हळदीकुंकवाचा करंडा काढला. मूठ पिस्तुलाला बसवून तेही पाटावर ठेवलं. झेंडू मिळाला नाही, म्हणून पिवळी शेवंती वाहिली.

देवदत्त शिरा घेऊन आला, हात जोडले, फोटो काढला आणि लगेच ग्रुपवर टाकला. वर लिहिलं, आयर्लंडमध्ये शस्त्रपूजा. शंभर हात पुन्हा जोडले गेले. त्यातल्याच कुणीतरी तो फोटो पोलिसांना नेऊन दाखवला. डबा द्यायला ज्यांचे हात उठले नव्हते, त्यांचे चुगलीला बरे उठले.

दोनेक दिवसांनी दुपारी गार्डा, म्हणजे इथली पोलीस, आली. मध्यमवयीन बाई, आवाज मऊ. तिनं विचारलं, पिस्तूल तिजोरीबाहेर का होतं, आणि फोटो काढणारा, परवाना नसलेला माणूस त्याच्याजवळ काय करत होता. देवदत्त तिथंच बसला होता, पडलेल्या चेहऱ्यानं. तो मराठीत पुटपुटला, "साफ करत होतो म्हण ना. तिला काय कळतंय."

अंबरीशनं तिला खरं ते सांगितलं. पूजा करत होतो.

"पिस्तुलाची?" तिनं विचारलं.

"हातातल्या कामाच्या वस्तूची. माझी बायको करायची. ती मेली."

हे त्यानं आजवर कुणाला तोंडानं सांगितलं नव्हतं. आवाज दुसऱ्या कुणाचा तरी असावा तसा त्यानं तो ऐकला. बाईनं टोपी काढून मांडीवर ठेवली, वाईट वाटलं म्हणाली, आणि मग तेही म्हणाली, जे तिला म्हणावंच लागणार होतं. पिस्तूल ती घेऊन जाणार. परवाना बहुधा रद्द होईल.

"मूठ ठेवू का? लाकूडच आहे."

तिनं वरिष्ठांना फोन लावून विचारलं. मग होकाराची मान हलवली.

अंबरीशनं स्क्रू काढले. खाचेत हळद अडकली होती, ती त्यानं पुसली नाही. गाडी गेली. मूठ हातात बरोब्बर बसली होती, कुठं फट नाही, आणि पुढं काहीच नव्हतं. त्यानं श्वास सोडला आणि बोट हवेत ओढलं. हात परकाच राहिला.

"माझ्यामुळं झालं रे," देवदत्त म्हणाला. मग उठून म्हणाला, "चहा ठेवू?"

"ठेव."

करंड्यासाठी उघडलेली प्रेस अजून तशीच होती. अंबरीश तिथंच उभा राहिला. मूठ आत ठेवायला गेला, आणि बोटं काही सुटेनात.