जाड टोकाचा मान

मी सिमेंटचा खांब बोलतोय. म्हणायला विजेचा, पण वीज मी अजून पाहिलेली नाही.

मला ट्रकमधून शहापूर तालुक्यातल्या एका पाड्याच्या तोंडाशी उतरवलं आणि उतरवणारे गेले ते गेलेच. उभं राहायला जन्मलेला मी चार पावसाळे आडवा लोळत होतो. पहिल्याच पावसाळ्यानंतर लोक माझ्यावर बसू लागले.

बसू लागले म्हणजे वाटेल तिथे नव्हे! माझं एक टोक जाड, एक बारीक. कधी ठरलं कुणास ठाऊक, पण जाड टोक पुरुषांचं झालं; त्यातही पहिली जागा पाड्याच्या पुढारी चांगोतात्यांची. बायका बारीक टोकाला आणि सुना थेट जमिनीवर. एखादा मुलगा रांगत जाड टोकाशी पोचला की, "आला रे, पुढारी आला!" एखादी चिमी पोचली की आजी तिची तंगडी धरून मागे ओढायची. अंगणवाडीच्या आधी पोरं एवढं माझ्यापाशीच शिकत. यात माझा काय दोष? साच्यातून मी असाच निघालो.

मग बारीक टोकाला बसणाऱ्या रखमीच्या घरी अंजू सून आली. वाशिंदच्या कारखान्यात दिवसभर उभी राहायची आणि अंधारात ठेचकाळत परतायची. एका संध्याकाळी आली ती समोर दिसलेल्या टोकावर बसली. जाड टोकावर! तात्यांच्या शेजारी!

"ऊठ गो! कळत नाय तुला?" रखमी ओरडली.

"पाय भरून आलेत, आई. आन् हितं कुनाचं नाव लिवलंय काय?"

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा बसली. तिसऱ्या दिवशी शेजारची बारकीही.

आणि ज्यांना माझ्यासाठी खेटा घालायला चार वर्षं टाइम नव्हता, ते सगळे पुरुष पहिल्या एसटीने शहापूरला वीज कंपनीच्या साहेबांपुढे हजर! "खांब उभा करा, साहेब. बाया बसाया लागल्यात त्याच्यावर!" अंधाराबद्दल एकानेही तोंड उघडलं नाही. आठवड्यात मी उभा.

जाड टोक मात्र जमिनीत गेलं. तात्या आता रोज माझ्याभोवती घिरट्या घालतात. मानाची बाजू काही सापडत नाही.

पण तार कुठाय? दिवा कुठाय? अंजू अजून ठेचकाळतेच. काल तिने विचारलं, "तात्या, तारेसाठी आता कुठं बसू?" आणि देवळापुढच्या त्यांच्या मानाच्या खुर्चीत जाऊन बसली.

आज तात्यांनी पहिली एसटी धरली आहे.

अंजू, माझं एवढं ऐक. तार येईपर्यंत उठू नकोस गो.