चिनी वैद्याची पाटी

"अजून जरा डावीकडे, काका," रस्त्यात उभे राहून दिनकरराव म्हणाले, आणि शिडीवर चढलेल्या महिपतरावांनी ती माणूसभर लांबीची फळी कशीबशी खिळ्यांवर टेकवली. 'चिनी वैद्य महिपतराव' अशी लाल अक्षरं नया बाजारातल्या पेंटरनं रंगवली होती. पाटी केवढी करावी याला काही ताळतंत्र? पण शेजारचे दिनकरराव पडले कचेरीतले हौशी गृहस्थ. त्यांच्यापुढे कोण बोलणार!

खरं तर महिपतराव वैद्य कधीच नव्हते. तरुणपणी पलटणीबरोबर चीनच्या लढाईवर गेले ते जखमींना उचलणारे डोलीवाले म्हणून. तिथं एका म्हाताऱ्यानं त्यांची धरलेली कंबर वाळल्या पाल्याच्या धुरीनं मोकळी केली. आपल्या दवण्याच्या जातीचाच पाला. त्याची वात वळायची, पेटवायची आणि दुखऱ्या जागी कातडीपासून बोटभर वर धरायची. एवढी एकच विद्या घेऊन ते ग्वाल्हेरला परतले आणि पुढं कित्येक वर्षं ती विसरूनही गेले होते.

मग परसादी दूधवाल्याचे गुडघे धरले. महिपतरावांनी सहज म्हणून धुरी दिली, आणि परसादी जिने चढू लागला. तो दारोदार दूध घालणारा. ज्या दारी दूध, त्या दारी गुडघ्यांची कथा. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात बोभाटा झाला. इंदरगंजातलं त्यांचं अंगण सकाळपासून माणसांनी भरू लागलं.

गुडघे आणि कंबर, यापलीकडे मला काही कळत नाही, असं ते आधी हात जोडून सांगत. पण लोक ऐकतील तर शपथ! खोकलेवाले आले, पोटवाले आले. एका कापडवाल्याचं दुखतं पोट धुरीनं थांबलं, बहुधा आपसूकच थांबलं असावं, आणि तेव्हापासून महिपतरावांनी नाही म्हणणं सोडलं. जन्मभर दुसऱ्यांच्या डोल्या उचललेल्या माणसाला लोक वाकून नमस्कार करू लागले, बिचारा सुखावला. कोण नसता सुखावला?

त्यांची बायको गजराबाई दाराआड बसून वाती वळून देई. पाटी लागल्यापासून ती वाळत चालली होती. विचारलं तर म्हणे, उन्हाळा आहे, जेवण जात नाही. एका सकाळी अंगण भरलेलं असताना ती चुलीपाशी पोट धरून कोसळली. महिपतराव धावले. लुगडं सैल करून बघतात तर पोटावर चटक्यांचे डाग, काही जुने काळे, काही ताजे लाल.

"हे काय गं?"

"धुरी घेत होते. तुमच्याच वातीची, चोरून."

"अगं, मला सांगायचंस. इस्पितळात नेलं असतं."

"नेलं असतं म्हणूनच नाही सांगितलं." तिला धाप लागली. "वैद्याची बायकोच इस्पितळात जाते म्हटल्यावर तुमच्याकडे कोण येणार? आणि त्या कापडवाल्याचं पोट बरं झालंच की, अहो."

गजराबाईला बसताही येत नव्हतं, टांग्याचे धक्के सोसणं दूरच. महिपतराव तसेच बाहेर आले, शिडी लावली आणि सगळ्यांसमोर पाटी उतरवली. लोक गोंधळून उठले. दिनकरराव काहीतरी सांगायला पुढं आले, पण महिपतराव फळी घेऊन आत गेले होते. फळीवर घोंगडी अंथरून त्यांनी तिच्यावर गजराबाईला निजवलं. दुसरं टोक धरायला परसादी आला.

"वैदजी, आगे मैं पकड़ूँ?"

"नहीं. और वैदजी मत कहो."

भर गर्दीतून ते निघाले. महिपतरावांची पावलं तीच जुनी होती, आखूड आणि सारखी, वरच्या माणसाला हिसका बसू न देणारी. मागं परसादीही गुडघे सांभाळत पावलं टाकत होता. वाटेत गजराबाई एकदाच पुटपुटली, "अहो, अक्षरं पुसतील ना." महिपतरावांनी मागं वळून पाहिलं नाही; पाहिलं असतं तर पाऊल चुकलं असतं.

इस्पितळात तिला आत घेतलं. फार उशीर केलात, एवढंच डॉक्टर म्हणाले आणि दार लागलं. रिकामी फळी व्हरांड्यात राहिली. तिथं ताटकळत बसलेल्या एका म्हाताऱ्यानं लाल अक्षरं वाचली आणि पोटावर हात ठेवून आशेनं विचारलं, "चीनवाले वैदजी अब यहीं बैठेंगे क्या?"

महिपतरावांनी फळी पालथी घातली आणि ते तिच्यावर दाराकडे तोंड करून बसून राहिले.